हाताची ताकद आकड्यांत मोजून मिळते का?

मशीदबंदर
बाबा माथाडी कामगार आहेत. उजव्या कोपराचं फ्रॅक्चर होतं. प्लास्टर निघून बरेच दिवस झाले, व्यायाम चालू आहे. पण कागदावर दर वेळी ‘४/५’ एवढंच येतं. बाबा म्हणतात, गोण उचलताना हात मध्येच सुटतो. कॉम्प्युटर जोडलेल्या मशीनवर ताकद नेमकी कळते म्हणे. करून घ्यावं का?

परळची फिजिओ
जरूर घ्या. ० ते ५ ही स्नायूंच्या ताकदीची तपासणी (५ म्हणजे पूर्ण ताकद) आम्ही हाताने दाब देऊन करतो आणि ४ मध्ये फारच मोठा पल्ला मावतो. त्यात तुमचे बाबा जन्मभर ओझी उचललेले. त्यांचा कमजोर हातसुद्धा माझ्या हाताला भारी पडेल आणि कागदावर ५ लागेल! अशा माणसांवर त्या आकड्याने अन्याय होतो, हे मी रोज बघते.

मशीनचं नाव आयसोकायनेटिक डायनॅमोमीटर. खुर्चीत पट्ट्यांनी बांधून बसवतात, कोपराचा सांधा मशीनच्या आसाशी जुळवतात. वेग ठरलेला, समजा सेकंदाला ६० अंश. कितीही जोर लावा, हाताने फिरवायचा दांडा त्याहून जोरात फिरत नाही. जेवढा जोर तेवढाच उलट विरोध. प्रत्येक कोनातला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, न्यूटन-मीटरमध्ये पडद्यावर रेषेने उमटतो. हात ज्या कोनात सुटतो तिथे रेषा खचलेली दिसू शकते. डाव्या हाताचीही चाचणी घ्यायला सांगा, तुलना त्याच्याशीच होते.

दादरकर
पकड मोजायचं साधं डायनॅमोमीटर नाही का चालणार? स्वस्त असतं.

परळची फिजिओ
पकडीपुरतं उत्तम. कोपर ९० अंशांत ठेवून तीनदा दाबायचं, सरासरी घ्यायची. पण इथे प्रश्न दंडाचा आहे, पंजाचा नाही.

मशीदबंदर
बाबा मुद्दाम जोर लावत नाहीत असं एक जण म्हणाला. ते फार लागलं त्यांना.

परळची फिजिओ
चार-पाच वेळा जोर लावून रेषा जवळपास एकावर एक आल्या, तर प्रयत्न मनापासून झाला असं म्हणायला चांगला आधार मिळतो. रेषा विस्कटल्या म्हणून मात्र कुणाला खोटं ठरवू नये, दुखण्यानेही तसं होतं.

आधी हाड पक्कं जुळलंय हे ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून विचारून घ्या. बीपी असेल तर तेही सांगा. पुढच्या चाचणीला खुर्चीची उंची, दांड्याची लांबी, वेग सगळं तेच हवं, नाहीतर दोन रिपोर्ट ताडून बघता येणार नाहीत. म्हणून सेटिंगसकट प्रिंट मागून घ्या.