उत्तर: लो बीपीसाठी मीठ-लिंबूपाणी

लो बीपीमुळे चक्कर येत असेल तर दिवसभर थोडं थोडं मीठ-लिंबूपाणी प्यावं, असा सल्ला दिला जातो. चूक नाही, पण लोकलमध्ये उभ्याने चक्कर येणाऱ्यांना वेळ साधणं जास्त उपयोगी. स्टेशनला निघण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी ४०० ते ५०० मिली साधं पाणी एकदम प्यायचं. एकदम प्यायल्याने बीपी तात्पुरतं चढतं; हा परिणाम साधारण तासभरच टिकतो आणि घोट-घोट पिऊन तो मिळत नाही. गाडीत डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली की पायाला पायाचा तिढा घालून मांड्या आणि नितंब घट्ट आवळायचे, पायांत साचलेलं रक्त वर ढकललं जातं. तरीही थांबलं नाही तर लाज न बाळगता सरळ खाली बसा.

मीठ वाढवण्याआधी घरी बीपी मोजा: पाच मिनिटं आडवं पडून एकदा, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना दाखवाच, सोबत हिमोग्लोबिनही तपासा. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्यांची चक्कर बरेचदा ॲनिमियाची असते, तिथे मीठ काय करणार! आणि ज्येष्ठमधाचा काढा रोज नको. बीपी चढतं खरं, पण पोटॅशियम उतरतं.