ग्रुपवर भांडा, पण हेतूवर जाऊ नका: पटतंय का?

तलावपाळीकर
आमची इमारत नौपाड्यातली, जुनी, चार मजली, बिनलिफ्टची. रिडेव्हलपमेंटचा घोळ चालू आहे. मागच्या आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या काकांनी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, 'कार्पेट एरिया नीट वाचल्याशिवाय सही करू नका.' मी रात्री साडेअकराला ठोकून दिलं, 'दुसऱ्या बिल्डरने किती दिले?' सतरा जणांचे अंगठे आले. मीही खूश.

सकाळी काका जिन्यात भेटले, हातात दुधाची पिशवी. बोलले काहीच नाहीत. कठड्याला टेकून मला वाट दिली. मी त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, वाट मी द्यायची.

'तुमचा आकडा चुकतोय' म्हणा, दहादा म्हणा. 'तुम्ही विकले गेलात' म्हणू नका. २०१९ च्या शासन निर्णयानंतर रिडेव्हलपमेंटला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. उरलेल्या ४९ टक्क्यांसोबतच नव्या इमारतीत राहायचंय ना?

घोडबंदरवाली
दादा, हे चार मजल्यांत ठीक आहे. आमच्याकडे टँकरच्या पाण्याचा हिशेब मी चार महिने 'आदरणीय सेक्रेटरी साहेब' लिहून मागत होते. उत्तर काय, तर हात जोडलेला इमोजी. पाचव्या महिन्यात लिहिलं, 'टँकरवाला कुणाचा मेहुणा?' तासाभरात बिलांचे फोटो हजर! पाठोपाठ, 'ताई, भाषा सांभाळा.' चार महिने गप्प बसणं सभ्य, आणि मी उद्धट?

सीवूड्सचा शेजारी
+१. 'भाषा सांभाळा' म्हणणारा बहुतेक वेळा हिशेब सांभाळत असतो.

जुना ठाणेकर
रात्री दहानंतर लिहिलेलं सकाळी चहा झाल्यावर पाठवावं. माझे निम्मे मेसेज असेच वाचलेत. म्हणजे लोकच वाचलेत.

सानपाडा सेक्टर पाच
आमचे अ‍ॅडमिन जरा आवाज चढला की ग्रुपला कुलूप लावतात. म्हणे, 'पोलीस मला धरतील.' मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसायला हवं. मग ही भीती कसली?

घोडबंदरवाली
आणि सभ्य काय, हे ठरवणार कोण? २०१२ साली पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न टाकणारी एक मुलगी आणि तो लाइक करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. पोस्टमध्ये एक शिवी नव्हती. लावलेल्या कलमांपैकी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. म्हणून कुणी 'शिस्त' म्हटलं की माझे कान टवकारतात.

तलावपाळीकर
पालघरचं मान्य, शंभर टक्के. पण मी पोलिसांचं किंवा अ‍ॅडमिनच्या कुलपाचं बोलतच नाहीये. स्वतःच्या बोटांचं बोलतोय. हिशेब मागणं उद्धटपणा नाहीच. फक्त एक विचारतो, रागावू नका: टँकरवाला खरंच मेहुणा निघाला का?

घोडबंदरवाली
नाही.
पण महिन्याला दोन टँकर जास्तीचे लावले होते, ते बिलांतच सापडलं.

तलावपाळीकर
मग 'दोन टँकर जास्तीचे' हे तुम्हाला बिलांनी दिलं. मेहुण्याने काय दिलं?

घोडबंदरवाली
बिलं!!
…बरं. सेक्रेटरींच्या बायकोने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलंय, भिशीलाही आली नाही. तिचा भाऊ नाशिकला शिक्षक आहे, हे मला नंतर कळलं. मेहुण्याचे शब्द मागे घेते, असं ग्रुपवर लिहायला गेले होते. तोवर 'फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकतात' झालेलं.

जुना ठाणेकर
दारावरची बेल चालू आहे ना?

घोडबंदरवाली
तुम्ही आधी काकांकडे जाऊन या म्हणावं त्या तलावपाळीकरांना. मग मी बघते.

तलावपाळीकर
संध्याकाळी जातो. कार्पेट एरियाचा कागदही नेतो, मी अजून वाचलेला नाही.