क्लिफर्ड हॅन्सन यांची कबुली: मोठेपणा की फुकटचा मोठेपणा?

माळरान
अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या बाहेर हे नाव फारसं कुणाला ठाऊक नसेल. १९१२ साली जॅक्सन होल खोऱ्याच्या भागात जन्म, गुरं पाळणं हा घरचाच धंदा. लहानपणी बोलताना इतके अडखळायचे की "हा काही शिकायचा नाही" म्हणून शाळेने घरी धाडलं. तोच मुलगा पुढे कौंटीच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) राजकारणातून वर चढत १९६३ मध्ये राज्याचा गव्हर्नर झाला आणि १९६७ पासून १९७८ पर्यंत सिनेटर.

मला बोलायचंय ते १९४३ बद्दल. त्या वर्षी मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी एका सहीने खोऱ्यातली २,२१,००० एकर जमीन राष्ट्रीय स्मारक, म्हणजे सरकारने राखून ठेवलेला भाग, म्हणून जाहीर केली. धनाढ्य रॉकफेलरने स्नेक रिव्हर लँड कंपनीचं नाव पुढे करून गुपचूप विकत घेतलेली जमीनही तिच्यात आली. मे महिन्यात हॅन्सन आणि शेजारचे रँचवाले (गुरांचे मोठे मळे असणारे) बंदुका घेऊन घोड्यांवर बसले आणि पाचशेहून जास्त गुरं विनापरवाना त्या स्मारकातून हाकत नेली. सोबत हॉलिवूडचा नट वॉलेस बीरी! अडवायला कुणीही आलं नाही.

१९५० च्या कायद्याने स्मारक ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानात विलीन झालं. पुढे हॅन्सन जाहीरपणे म्हणाले की मी हरलो ते बरं झालं, माझंच चुकलं होतं. लोक यावर फिदा. पण त्याच कायद्याने त्यांचा चराईचा हक्क स्वतःच्या आणि जवळच्या वारसांच्या हयातीपर्यंत शाबूत ठेवला होता. गाय गोठ्यात बांधून झाल्यावर "दावं माझं नव्हतं हो" म्हणायला काय जातंय?

डेन्व्हरकर
तुम्ही वायोमिंगच्या मतदाराला विसरताय. हे उद्यान वाढवायला विरोध करणं ही तिथे सत्तेची शिडी होती. वायोमिंगचे खासदार फ्रँक बॅरेट यांनी स्मारक रद्द करायचं विधेयक संसदेत मंजूरसुद्धा करून घेतलं, रुझवेल्टनी सही केली नाही म्हणून ते पडलं. हेच बॅरेट पुढे गव्हर्नर झाले, सिनेटरही. विरोधकांतले मिलवर्ड सिम्पसन, तेही दोन्ही झाले. अशा राज्यात "मी चुकलो" म्हणायला छाती लागते. आणि १९४३ चा राग निव्वळ गुरांचा नव्हता. खाजगी जमीन सरकारजमा झाली की कौंटीचा कर बुडतो. रस्ते, शाळा कशावर चालवायच्या? १९५० च्या कायद्यात या करापोटी भरपाई ठेवावी लागली ती उगाच नाही.

चिकित्सक
कराचं मान्य. पण "गरीब बिचारे रँचवाले विरुद्ध वॉशिंग्टन" ही गोष्ट अर्धीच आहे. १९२५ मध्ये खोऱ्यातल्याच ९७ रँचवाल्यांनी सही करून अर्ज दिला होता की आमच्या जमिनी घ्या आणि हा भाग राखून ठेवा. पुढाकार पिअर्स कनिंगहॅम यांचा, तेही रँचवालेच. पहिल्या महायुद्धानंतर गुरांचे भाव कोसळले होते, माणसं टेकीला आली होती. म्हणजे १९४३ ला बंदुका घेऊन निघालेले म्हणजे अख्खं खोरं नव्हे.

बाकी सरकारी कुरणावर गुरं चारणाऱ्याने कुरणाचे कायदे करणाऱ्या सभागृहात बसायचं याला आपल्याकडे कुंपणाने शेत खाणं म्हणतात. १९८६ पासून एक गाय आणि तिचं वासरू महिनाभर चारायचं किमान भाडं १.३५ डॉलर आहे. एवढ्यात कॉफीसुद्धा येत नाही!

डेन्व्हरकर
ते भाडं वनखात्याच्या आणि भूव्यवस्थापन विभागाच्या जमिनीचं, राष्ट्रीय उद्यानाचं नाही. शिवाय १९८६ ला हॅन्सन सिनेटमधून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. खापर फोडा, पण डोकं तरी बरोबर निवडा.

चिकित्सक
बरं, ते मागे घेतो. कुंपण मागे घेत नाही.

गोठेवाली
तुम्ही दोघं कधी शेण उचललंय का? :) आमचा गोठा बारा जनावरांचा, त्यामुळे वैरणीचं गणित तेवढं कळतं. जॅक्सन होलमध्ये हिवाळाभर बर्फ. घरच्या कुरणात उन्हाळ्यात गुरं सोडली तर हिवाळ्यासाठी गवत कापणार कुठलं? म्हणून उन्हाळ्यात कळप बाहेरच्या रानात आणि घरच्या रानातलं गवत कापून, वाळवून गंजी. ही चराई म्हणजे वर मिळालेली खिरापत नव्हे, तिच्यावरच वर्षाचा ताळेबंद उभा. ती काढली की रँच विकायला निघतो आणि तिथे बंगल्यांचे प्लॉट पडतात. माळरान, तुम्हाला डोंगरासमोर गाय खुपते, बंगला चालेल का?

माळरान
ताई, वैरणीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. पण मग हक्क वारसापर्यंतच का ठेवला? कारण तो हळूहळू संपवायचा होता. आणि संपायची वेळ आली तेव्हा काय झालं बघा. १९९६ मध्ये हॅन्सन यांची मुलगी मेरी मीड रँचवर घोड्यावरच्या अपघातात गेली. १९९० मध्ये त्या गव्हर्नरपदासाठी उभ्याही राहिल्या होत्या. त्यांच्यानंतर परवाना संपायचा. तर १९९७ मध्ये संसदेने खास कायदा करून खोऱ्यातली जमीन बांधकामाविना मोकळी कशी राहील याचा अभ्यास होईस्तोवर मुदत वाढवली.

गोठेवाली
म्हणजे प्लॉटची भीती संसदेलाही पटली. मी आणखी काय सांगत होते?

चिकित्सक
किंवा आडनाव पटलं. मेरींचा मुलगा मॅट मीड २०११ ते २०१९ गव्हर्नर होता.

डेन्व्हरकर
तो २०१० ला निवडून आला, लोकांनी मतं देऊन. १९९७ च्या कायद्याशी त्याचा काय संबंध? हॅन्सन तर २००९ मध्येच गेले, सत्त्याण्णव वर्षांचे होऊन. आणि १९४३ च्या त्या गुरांच्या मोर्च्याची खरी कमाई चराई नव्हेच. १९५० च्याच कायद्यात कलम आहे की यापुढे वायोमिंगमध्ये राष्ट्राध्यक्षाने स्वतःच्या सहीने नवं राष्ट्रीय स्मारक करायचं नाही, संसदेची परवानगी हवी. ते आजही लागू आहे.

माळरान
आणि त्या कलमाबद्दल "माझं चुकलं" असं हॅन्सन कधी म्हणाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.