मदत हवी आहे : जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधील दोन प्रकारचे हमिंग आणि मधूनच बंद पडणारा डावा चॅनेल

वडिलांनी 1993 साली पुण्यातल्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून, ओळखीच्या मेकॅनिककडून जुळवून घेतलेला एक स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे आहे. आत 18-0-18 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, सप्लाय सपाट करणारे 4700 मायक्रोफॅरॅड 35 व्होल्टचे दोन फिल्टर कपॅसिटर, आवाज वाढवणारी, दोन्ही चॅनेल मिळून एकच एसटीके 4141 आयसी आणि स्पीकरच्या संरक्षणासाठी मागाहून बसवलेले रिलेचे (विजेवर उघडबंद होणाऱ्या स्विचचे) बोर्ड, एवढाच पसारा आहे. दोन वर्षे माळ्यावर पडून राहिल्यानंतर तो पुन्हा सुरू केला, तेव्हा पुढील तक्रारी लक्षात आल्या.

पहिली तक्रार हमिंगची, म्हणजे स्पीकरमधून सतत येणाऱ्या घुमणाऱ्या आवाजाची. सुरुवातीला हे एकच हमिंग आहे असे मी धरून चाललो होतो, परंतु सगळ्या इनपुट केबल काढल्यावर मोठा आवाज थांबला आणि त्याच्याखाली दडलेला दुसरा, बारीक आवाज ऐकू येऊ लागला. मोठे हमिंग केवळ सेट-टॉप बॉक्स जोडल्यावरच येते आणि व्हॉल्यूमबरोबर वाढते. मोबाइल जोडून गाणी लावली तर ते मुळीच येत नाही. बॉक्सच्या मागची, केबलवाल्याकडून येणारी कोॲक्सिअल वायर फिरवून काढली की बाकी सगळे जोडलेले असूनही ते त्या क्षणी थांबते. बारीक हमिंग मात्र व्हॉल्यूम शून्यावर असला तरी तेवढेच राहते. मुलीच्या पेटीवर ताडून पाहिले असता दोन्ही आवाज पांढरी पाचच्या जवळचे, किंचित चढे आणि एकमेकांपासून बरोबर एका सप्तकाच्या अंतरावर आढळले. त्यावरून मोठे हमिंग घरच्या विजेच्या 50 हर्ट्झचे आणि बारीक हमिंग रेक्टिफायरनंतरचे (एसीचे डीसी झाल्यावरचे) 100 हर्ट्झचे असावे, असा माझा अंदाज आहे.

एका दुकानदाराने प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला. तसे केल्यावर मोठे हमिंग जाते हे खरे. पण कॅबिनेट पत्र्याचे आहे आणि ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन कधी दगावले तर 230 व्होल्ट थेट त्या पत्र्यावर येतील, म्हणून मी पिन लगेच पुन्हा जोडली. अर्थिंग न तोडता करता येईल असा उपाय मला हवा आहे.

दुसरी तक्रार अधिक त्रासाची आहे. सुमारे पंधरा मिनिटांनंतर, विशेषतः कमी आवाजावर, डावा चॅनेल बंद पडतो आणि व्हॉल्यूम एकदम वाढवला की ‘टॉक’ असा आवाज होऊन पुन्हा सुरू होतो. स्पीकरची आणि इनपुटची अदलाबदल करून पाहिली, दोष डावीकडेच राहिला. सप्लाय दोन्ही बाजूंना 25 व्होल्टच्या आसपास आहे. इनपुट नसताना स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज डावीकडे 22 आणि उजवीकडे 18 मिलिव्होल्ट भरते. आयसी बदलावी लागेल का, हा माझा मुख्य प्रश्न आहे, कारण आज या आयसीच्या नावाखाली बनावट मालच जास्त मिळतो असे ऐकतो. व्हॉल्यूमच्या खरखरीचे मी नंतर पाहीन.

प्रतिसाद

आयसीला हात लावू नका. डीसी इतके कमी आहे याचा अर्थ आउटपुट स्टेज शाबूत आहे. आवाज वाढवल्यावर चॅनेल परत येणे हे रिलेचे कॉन्टॅक्ट काळवंडल्याचे नेहमीचे लक्षण आहे. बारीक सिग्नल त्या थरातून जात नाही आणि मोठा सिग्नल तो थर फोडून जातो. खात्रीसाठी चॅनेल बंद पडलेला असताना मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून रिलेच्या आधी आणि नंतर मोजा. आधी सिग्नल असेल आणि नंतर नसेल, तर रिले बदला. कॉइलचे व्होल्टेज जुन्या रिलेवर छापलेले असते, तेवढेच घ्या. पॉलिश पेपरने घासू नका, वरचा मुलामा निघून जातो आणि महिन्याभरात दुखणे परत येते. दोन्हीकडे सिग्नल नसेल, तर आयसीच्या पायांवर ड्राय सोल्डर (नीट न धरलेला डाखाचा जोड) शोधा.

बारीक हमिंगसाठी दोन्ही कपॅसिटर 105 अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे, 50 व्होल्टचे घाला. ऋण बाजूच्या कपॅसिटरचे धन टोक ग्राउंडला जाते. नेमकी इथेच चूक होते आणि कपॅसिटर फुटतो. काम झाल्यावर पहिल्यांदा 60 वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावून सुरू करा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, तसाच प्रखर राहिला तर लगेच बंद करा.

मोठे हमिंग हे ग्राउंड लूपच आहे. केबलवाल्याच्या वायरचे अर्थिंग वेगळीकडे आणि तुमच्या घराचे वेगळीकडे, त्यामुळे दोहोंतल्या फरकाचा प्रवाह तुमच्या ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहतो. बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये 1:1 चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. अगदी स्वस्तातला घेऊ नका, त्यात खर्जाचा आवाज बसतो.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. रिलेच्या आधी सव्वा व्होल्ट आणि नंतर जवळजवळ शून्य मिळाले, त्यामुळे 24 व्होल्टचा नवा रिले बसवला. काल सलग तीन तास डावा चॅनेल एकदाही बंद पडला नाही. कपॅसिटर बदलल्यापासून स्पीकरला कान लावल्याखेरीज बारीक हमिंग ऐकू येत नाही. ट्रान्सफॉर्मर मागवला आहे. आता उरला तो व्हॉल्यूम पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याचे फिरते बटण : कॉन्टॅक्ट क्लीनर मारल्यावर चार दिवस बरा चालला आणि पुन्हा खरखरू लागला. 50 किलोओहमचा दुहेरी (दोन्ही चॅनेलचा) लॉग पॉट, म्हणजे आवाजासाठीचा, मिळतो आहे, पण त्याची दांडी जुन्या दांडीपेक्षा बोटभर लांब आहे. ती करवतीने कापताना आतल्या ट्रॅकला धक्का बसू नये म्हणून तिला कोठे पकडावे, हे कृपया सांगावे.