अनुभव धागा: चाकांवरून पडणे आणि सावरणे (बडोदे)

बडोद्यातील आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून इनलाइन स्केट्सची (एका रांगेत चाके असलेल्या बुटांची) खरेदी होताना रंग आणि किंमत यांवर पुष्कळ बोलले जाते. पडावे कसे आणि थांबावे कसे, हा विषय मात्र पहिला अपघात होईपर्यंत निघत नाही. जे स्वतः आपटून किंवा मुलांना सावरून काही शिकले आहेत, त्यांनी घडलेला प्रसंग येथे सविस्तर लिहावा, ही विनंती.

अकोट्याहून

वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी लेकीबरोबर स्केटिंग शिकायला लागले. हेल्मेट, गुडघ्यांचे आणि कोपरांचे पॅड असा सगळा साज होता, पण रिस्ट गार्ड घातल्यावर मोबाइल धरता येत नाही म्हणून त्या दिवशी मी ते काढून पर्समध्ये टाकले होते. सोसायटीच्या आवारात जून महिन्यात निंबोळ्यांचा सडा पडतो. त्यांतली एक पुढच्या चाकाखाली आली, तोल मागे गेला, डावा हात आपोआप जमिनीवर टेकला आणि मनगटाजवळचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टरमध्ये काढले. रिस्ट गार्डच्या तळव्याकडील कडक पट्टीचे काम मला तेव्हा समजले: ती जमिनीवरून घसरते, मनगटाला उलटे वाकू देत नाही आणि आघात एकाच जागी एकवटत नाही.

प्लास्टर निघाल्यावर प्रशिक्षकांनी आठवडाभर चाके फिरवूच दिली नाहीत. सतरंजीवर केवळ पडण्याचा सराव चालू होता: आधी गुडघे वाकवायचे, मग गुडघ्यांचे पॅड टेकवायचे, मग कोपरांचे, आणि शेवटी बोटे वर उचलून तळवे. शेजारच्या काकू गॅलरीतून पाहत होत्या. त्यांना मी नमाज शिकते आहे असे वाटले. तोल जाऊ लागला की आता मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खाली झुकते, आणि बहुतेक वेळा पडणेच टळते.

दांडिया बाजारातून (व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट)

वरील अनुभवाला एक जोड देतो. माझा भाचा असाच हातावर पडला, सूज फारशी आली नाही आणि आईने, म्हणजे त्याच्या आजीने, आंबेहळदीचा लेप लावून ‘मुरगळला आहे’ असा निकाल दिला. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, तेथे दाबल्यावर तो कळवळला, म्हणून मी त्याला अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेले. त्या खळग्याखाली स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड असते आणि त्याची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये कधीकधी दिसतच नाही. त्यामुळे हात आधाराच्या पट्टीत ठेवून सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढावा लागला. या हाडाचा रक्तपुरवठा तोकडा असल्याने ते सावकाश जुळते, आणि दुर्लक्ष झाल्यास न जुळण्याचाही धोका असतो. आईने अद्याप निकाल बदललेला नाही.

मांजलपूरहून

माझा मुलगा तीन वर्षे पुढे दोन आणि मागे दोन चाके असलेल्या जुन्या पद्धतीच्या स्केट्सवर पटाईत होता, त्यामुळे इनलाइन स्केट्स दिल्यावर आम्ही निर्धास्त होतो. जुन्या स्केट्सना रबरी ठोकळा पुढे, बोटांपाशी असतो. इनलाइनला असलाच तर तो टाचेमागे, बहुधा उजव्या पायाला असतो. तळघरातील पार्किंगच्या उतारावर त्याने सवयीने पाय मागे नेऊन चवडा घासायला पाहिला आणि तो थेट खांबाकडे गेला. वाचला तो हेल्मेटमुळे. हेल्मेटला वरून ओरखडासुद्धा नव्हता, तरी आम्ही ते टाकून दिले, कारण आतील फोम दबून धक्का शोषतो आणि एकदा दबला की पुन्हा तेवढे काम करत नाही. ब्रेकचा पाय पुढे सरकवून त्याचा चवडा उचलायचा, हे अंगवळणी पडायला त्याला दोन महिने लागले. उतार मात्र आम्ही कायमचा बंद केला आहे.

फतेहगंजहून

थोडक्यात लिहितो. उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतर, आठवडाभर मी रस्त्यावर स्केटिंग करत नाही. झाडांतून लोंबणारा मांजा गळ्याशी येतो, हे सर्वांनाच ठाऊक आहे. माझ्या बाबतीत जमिनीवरचा मांजा चाकाच्या आसाभोवती गुंडाळला गेला आणि चाक जागीच अडकले.

रावपुऱ्यातून

मी स्केटिंग करत नाही, नातीला सयाजीबागेपर्यंत सोडतो. पाय वाढतो आहे म्हणून मी स्केट्स दोन नंबर मोठे घेतले होते आणि पुढे कापूस कोंबला होता. बुटात टाच वर-खाली होत असल्याने घोटा आत वळत असे आणि नात चाकांच्या कडेवर चालत असे. दोष तिच्या सरावाचा आहे असे समजून मी तिला रोज रागावत होतो. प्रशिक्षकांनी बूट काढायला लावला, कापूस हातात घेतला आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिले. आता बरोबर मापाचे स्केट्स आणले आहेत. मोठे स्केट्स माळ्यावर ठेवले आहेत, दोन वर्षांनी बसतील.