प्लास्टिकवर गोष्टी लिहून मुलांना समुद्र कळतो का?

खाडीकाठ (ऐरोली): आमच्या सोसायटीच्या वाचनालयाने पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी 'समुद्र आणि प्लास्टिक' या विषयावर कथास्पर्धा ठेवली. वह्या तपासायला माझ्याकडे आल्या. जवळजवळ सगळ्यांनी 'मी प्लास्टिकची पिशवी बोलतेय' हे शाळेतलं आत्मवृत्तच उतरवलंय. कासव पिशवी गिळतं, तडफडतं, शेवटी 'चला, आपण शपथ घेऊया'. पिशवी बोलते, कासव बोलतं, मूल मात्र गप्प. आणि समुद्र कसा, तर निळाशार! अहो, ठाण्याची खाडी या पोरांच्या खिडकीतून दिसते. २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली ती. तिथला चिखल, चिखलातले निवट्या मासे, तिवरांच्या मुळांत अडकलेल्या दुधाच्या पिशव्या एकाच्याही गोष्टीत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे, आधी मुलांना जेट्टीवर न्या, मगच वही द्या. नाहीतर हा खटाटोप नको.

नेरूळची आई: अजिबात पटलं नाही. माझ्या चौथीतल्या लेकीने कासवाचीच गोष्ट लिहिली. आता भाजीवाल्याने पिशवी पुढे केली की माझ्याआधी ती 'नको' म्हणते. साचेबद्ध तर साचेबद्ध. आपण काय 'माझी आई'वर पहिल्याच फटक्यात कादंबरी लिहिली होती?

दिवाळे कोळीवाडा: आमची डोल, म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, वर काढली की कोळंबीपेक्षा चिप्सची पाकिटं आणि थर्माकोल जास्त. म्हावरं निवडता निवडता बायकांचा अर्धा दिवस जातो. हा कचरा पोरांनी टाकला का? तो नाल्यांतून येतो. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे, पिशवी अजून कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. मोठ्यांनी फेकायचं आणि शपथ पोरांनी घ्यायची, हे बरंय.

स्पष्ट ठाणेकर: मग कोळीदादा, जाळ्यांचं काय? प्रशांत महासागरातल्या त्या मोठ्या कचरापट्ट्याबद्दल २०१८ मध्ये अभ्यास आला होता. वजनाने निम्म्याच्या आसपास मासेमारीची जाळीच! तेही येऊ द्या की गोष्टीत.

दिवाळे कोळीवाडा: येऊ द्या, आमची ना नाही. फाटकं जाळं आम्ही घरी आणतो, सुई घेऊन शिवत बसतो, त्याला पैसे पडतात. पण खडकात अडकून तुटलं तर गेलं ते गेलं. खोटं कशाला बोलू?

खाडीकाठ (ऐरोली): बघा, या चार ओळींत जेवढी गोष्ट आहे तेवढी माझ्याकडच्या अख्ख्या गठ्ठ्यात नाही.

मराठीच्या बाई (ठाणे): दोष मुलांचा नाही, शेवटी 'संदेश' मागणाऱ्यांचा आहे. मी वर्गात विषयच दिला नाही, फक्त १९९२ ची हकिगत सांगितली. प्रशांत महासागरात वादळात जहाजावरचे कंटेनर पडले आणि आंघोळीच्या टबातली २८ हजारांवर प्लास्टिकची खेळणी पाण्यात गेली. पिवळी बदकं, निळी कासवं, हिरवे बेडूक, लाल बीव्हर. पुढे कित्येक वर्षं ती कुठल्या कुठल्या किनाऱ्यांना लागत राहिली. ती कुठे सापडली यावरून शास्त्रज्ञांनी सागरी प्रवाहांचा अभ्यास केला. म्हटलं, आता यातलं एक आपल्याकडे आणा. एकाने लिहिलं, बदक कशेळीच्या पुलाखाली अडकलंय, भरतीला आत जातं, ओहोटीला बाहेर येतं, समुद्र काही सापडत नाही. जेट्टी त्याने पाहिलेली नाही. त्यामुळे खाडीकाठ, तुमची अट मला मान्य नाही.

खाडीकाठ (ऐरोली): कशेळीचा पूल तर पाहिलाय ना? मग माझाच मुद्दा झाला.

मराठीच्या बाई (ठाणे): पूल बसमधून पाहिला असेल. भरती-ओहोटी भूगोलाच्या पुस्तकातली. बाकी सगळं डोक्यातलं.

स्पष्ट ठाणेकर: गोष्टी छान, पण नाल्याच्या तोंडाला जाळी कधी बसणार? त्यावर कोणी स्पर्धा ठेवत नाही.

नेरूळची आई: तो अर्ज तुम्ही लिहा, सही मी करते. दादा, रविवारी मुलांना दिवाळे जेट्टीवर आणलं तर चालेल का? चिखलात उतरता येईल?

दिवाळे कोळीवाडा: या, पण उतरायचं नाव काढू नका, ढोपरापर्यंत पाय रुततो. वरूनच बघा. ओहोटीची वेळ शनिवारी सांगतो.