सोन्याचं ‘वितरण’ की सोन्याची ‘वाटणी’? खेळाच्या नकाशावरचे शब्द

माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र सध्या ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ हा गाव वसवून लढायचा संगणकावरचा खेळ शिकताहेत. तिघंही मराठी माध्यमातले. त्यांच्यासाठी मी वीस-पंचवीस पानांची मराठी पुस्तिका लिहायला घेतली आहे. गावकरी, लाकूड, अन्न, दगड, सोनं इथपर्यंत लेखणी सरसर चालली. ‘रिसोर्स डिस्ट्रिब्युशन’पाशी येऊन मात्र चार दिवस अडून बसले आहे.

पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, ‘नकाशावर संसाधनांचे वितरण कसे असते ते आधी पाहावे.’ भाच्याने वाचलं आणि विचारलं, “मावशी, वितरण कोण करतं?” त्याचा प्रश्न रास्त आहे. वीज वितरण, पारितोषिक वितरण म्हटलं की देणारा डोळ्यांसमोर येतो. इथे तर खेळ सुरू होतो तेव्हा सोनं आधीच जमिनीत असतं. मग ‘वाटप’ म्हणावं का? ‘विभागणी’? की सरळ ‘कुठे काय आहे’ असं लिहून मोकळं व्हावं? या मंचावरच्या जाणत्यांनी सुचवावं.

*

ताई, ‘वितरण’ चुकलेलं नाही. या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत आणि दुसरा आपण शाळेतच शिकतो. नववीच्या भूगोलात वितरणाचे नकाशे आहेत, टिंब पद्धत, क्षेत्रघनी, समघनी असे. ‘लोकसंख्येचे वितरण’ म्हणताना माणसं कुणी वाटलेली नसतात, ती कुठे दाट आणि कुठे विरळ आहेत एवढंच सांगायचं असतं. मी बरीच वर्षं भूगोल शिकवला. टिंबांचा नकाशा काढायला दिला की मुलं सगळ्या नकाशावर सारख्या अंतराने टिंबं देत सुटायची. नदीच्या खोऱ्यात गर्दी आणि डोंगरात रिकामं, हे हाताला कळलं की त्यांना वितरण कळायचं.

तेव्हा नकाशा वरून पाहून जे दिसतं, त्याला ‘वितरण’ खुशाल म्हणा. ‘वाटप’ मात्र नको. धान्यवाटप असो की पाणीवाटप, त्याला देणारा हात लागतोच.

‘संसाधन’ आणि ‘साधनसंपत्ती’ यांत मला दुसरा शब्द जास्त मराठी वाटतो, पण खेळाच्या पुस्तिकेत तो दर ओळीला जड होईल. ‘संसाधन’च ठेवा.

*

मी हा खेळ 1999 साली आला तेव्हापासून खेळतोय, आणि हौसेने त्याचे नकाशेही लिहिले आहेत. सरांचं म्हणणं पटतं, पण एका गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे. या खेळात देणारा हात आहे. तो दिसत नाही, एवढंच.

या खेळातले बरेच नकाशे ठरीव नसतात. ‘अरेबिया’ हा नकाशाचा प्रकार निवडला तरी दर डावाला नवा नकाशा तयार होतो, आणि तो कसा तयार व्हावा याच्या आज्ञा एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेल्या असतात. सोन्यासाठी लिहिताना एक आज्ञा असते, ‘सेट प्लेस फॉर एव्हरी प्लेअर’. म्हणजे ही वस्तू प्रत्येक खेळाडूसाठी वेगळी काढून ठेव. तिच्याखाली खेळाडूच्या जागेपासून कमीत कमी किती अंतर आणि जास्तीत जास्त किती, ते लिहायचं. ही ओळ गाळली की तेच सोनं खेळाडूंचा हिशोब न ठेवता नकाशाभर कुठेही पडतं.

आता अरेबियाचं उदाहरण घ्या. प्रत्येकाला आठ मेंढ्या, दोन रानडुकरं, बोरांची सहा झुडपं. मुख्य सोन्याचे सात खडक, एकेकात 800 सोनं, म्हणजे 5600. त्याशिवाय थोड्या अंतरावर दोन लहान साठे. हे प्रत्येकाला मिळतंच. याला मराठीत सुरेख शब्द आहे, वाटणी. वाटणीत हक्कदार आधी ठरलेले असतात, प्रत्येकाच्या वाट्याला किती हेही ठरलेलं असतं, आणि कुणाला कुठला तुकडा ते चिठ्ठ्या टाकून निघतं. नकाशा अगदी हेच करतो.

आणि त्यापलीकडे लांबवर जे साठे पडलेले असतात ते कुणाचेच नसतात. जो आधी पोचेल आणि राखेल त्याचे. त्याला ‘वाटणी’ म्हणता येणार नाही, ते ‘विखुरलेलं’ सोनं. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द पुरतो. मराठीत दोन वेगळे शब्द वापरले तर नवख्या मुलाला पहिल्याच वाचनात कळेल की कुठलं सोनं आपलं आहे आणि कुठल्यासाठी झगडायचं आहे. माझ्या मते पुस्तिकेत हा फरक आलाच पाहिजे.

*

वरच्या दादांच्या ‘वाटणी’ला माझं पूर्ण अनुमोदन. मी खेळ खेळत नाही, घरची शेती आहे, मुलगा खेळतो ते मागून बघतो. पण त्या आज्ञा वाचून दोन शब्द आठवले.

मेथी-कोथिंबिरीचं बी आपण वाफ्यात फोकून देतो. मुठीत घ्यायचं आणि हात फिरवत उधळायचं. बी कुठे दाट पडतं, कुठे विरळ. भुईमूग किंवा मका मात्र टोकतात. दोन ओळींत किती अंतर, दोन दाण्यांत किती, ते ठरवून एकेक दाणा मातीत दाबायचा. तुम्ही जी ‘कमीत कमी इतकं, जास्तीत जास्त इतकं’ ही आज्ञा सांगितली, ती टोकणी आहे. आणि ती ओळ गाळल्यावर जे होतं ती फोकणी. ‘विखुरणे’ हा शब्द वाईट नाही, पण त्यात कुणी मुद्दाम टाकल्याची भावना येत नाही. फोकण्यात येते.

दुसरं असं, की वाटणी सारखी झाली तरी वाट्याला आलेली जागा सारखी नसते. आमच्याच भावकीत जमीन इंचाइंचाने सारखी वाटली, पण विहीर एकाच्या बांधाला राहिली. परवा मुलगा पडद्यावर बोट ठेवून म्हणत होता, “बाबा, माझं गोल्ड बघा कुठे आलंय.” पाहिलं तर खाण त्याच्या गावाच्या पुढ्यात, शत्रूच्या वाटेवर. समोरच्याची खाण त्याच्या घरामागे, झाडीच्या आडोशाला. सोनं दोघांना सारखंच. पण माझ्या मुलाला गावकरी पाठवण्याआधी मनोरा बांधावा लागला, आणि त्यात त्याचा दगड गेला. अशा खाणीला काय म्हणतात?

*

इंग्रजीत ‘फॉरवर्ड गोल्ड’ म्हणतात. आम्ही मित्र आपसात ‘तोंडावरचं गोल्ड’ आणि ‘मागचं गोल्ड’ म्हणतो. पुस्तिकेत ‘तोंडावरची खाण’ चालेल, कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. फोकणी-टोकणी फारच आवडलं.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. टोकणी हा शब्द लहानपणी आजोळी ऐकला होता, तो इथे उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. आता पुढची अडचण. ज्यात कुणालाच झुकतं माप मिळत नाही अशा नकाशाला ‘फेअर’ म्हणतात. मी ‘समान’ लिहिलं होतं. पण तोंडावरच्या खाणीचं वाचल्यावर ‘समान’ खोटं वाटायला लागलं.

*

ताई, यासाठी शब्द तयार आहे, आणि तो पाण्याच्या भांडणातून आला आहे: समन्यायी. धरणांच्या पाण्यावरून वरच्या आणि खालच्या तालुक्यांत जी ओढाताण चालते, तीत ‘समन्यायी पाणीवाटप’ हे शब्द वारंवार छापून येतात. 2005 सालचा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाल्यापासून तर वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे. समान म्हणजे मोजमाप सारखं. समन्यायी म्हणजे परिस्थिती वेगळी असूनही कुणावर अन्याय नाही.

आणि एक तिसरा शब्द लागेल, ‘सममित’. ‘स्टारक्राफ्ट 2’ या संगणकावरच्या दुसऱ्या लढाईच्या खेळाचे स्पर्धेतले नकाशे घ्या. तिथे खेळाडूच्या नेहमीच्या ठाण्यापाशी खनिजाचे आठ ढीग आणि वायूचे दोन झरे असतात, आणि नकाशाचा एक भाग फिरवून किंवा उलटवून दुसऱ्यावर ठेवला तर तंतोतंत बसतो. तोंडावरची खाण असेल तर दोघांनाही. तो नकाशा सममित. अरेबिया सममित नाही. तिथे वाटे समान असतात, आणि नकाशा समन्यायी असावा एवढीच अपेक्षा धरता येते. ती दर डावाला पुरी होतेच असं नाही, म्हणून तर खेळाडू नकाशावरून हळहळतात.

‘कॅटन’सारख्या पटावरच्या खेळात वाटणी नसतेच. 19 षटकोनांत लाकूड, लोकर आणि धान्याचे चार-चार, विटा आणि खनिजाचे तीन-तीन, आणि एक वाळवंट. ते आधी पसरायचे, मग प्रत्येकाने आपली जागा निवडायची. त्याला ‘मांडणी’ म्हणावं. आपण सोंगट्यांचा पट मांडतोच.

*

एक क्रियापद सुचवू का? ‘सिव्हिलायझेशन 6’ या राज्य उभारायच्या संगणकावरच्या खेळात लोखंड नकाशावर असतं, पण कांस्यविद्या शिकेपर्यंत दिसत नाही. मग एके दिवशी ते आपल्याच हद्दीत उमटतं, नाहीतर शेजाऱ्याच्या. ‘लोखंड प्रकट झाले’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. आपण विहीर खणताना ‘पाणी लागलं’ म्हणतो, तसं ‘लोखंड लागलं’ म्हणावं. खालीच होतं, आपल्याला आत्ता मिळालं, हे दोन्ही त्या एका शब्दात येतं.

*

‘लागलं’ घेतलं. आज दुपारी ते पान पुन्हा लिहिलं, ते असं झालं:

‘डाव सुरू झाला की आधी आपल्या वाटणीचं सोनं शोधा. ते गावापासून ठरलेल्या अंतराच्या आत टोकलेलं असतं, त्यामुळे मेंढी फिरवत गावाला एक वेढा घातला की दिसतं. ते मागे आहे की तोंडावर, ते पाहा. तोंडावर असेल तर दगड राखून ठेवा, मनोरा लागेल. लांबचं सोनं फोकलेलं असतं. ते कुणाच्या वाटणीचं नाही. संपूर्ण नकाशावरचं वितरण घोडेस्वाराने पाहून घ्यावं.’

भाच्याने वाचलं. ‘टोकलेलं’ म्हणजे काय ते विचारलं. गच्चीतल्या कुंडीत त्याच्याकडून मक्याचे चार दाणे टोकून घेतले, वीतभर अंतराने.